छातीची तपासणी: जांबोटीच्या बाईला किती खर्च येतो?

गाठ हाताला लागते, पण दुखत नाही. दुखत नाही म्हणून 'लावणी उरकू दे' होतं. लावणी उरकते तोवर गणपती येतात, मग सुगी. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी भागात छातीच्या तपासणीत सगळ्यात महाग पडतात ते हे महिने, आणि ते कुठल्या पावतीवर येत नाहीत.

पावतीवरचं आधी बघू. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची छाती हाताने तपासणं सरकारी कार्यक्रमातच आहे. आरोग्य केंद्रात, दर पाच वर्षांनी, फुकट. हात डोक्याखाली घेऊन उताणं झोपायचं, नर्स बोटांनी दोन्ही बाजू आणि काखा चाचपते. काही मिनिटांचं काम. पाळी येत असेल तर ती सुरू झाल्यावर आठवड्याभराने जावं, तेव्हा छाती हुळहुळी नसते.

नुसतं चाचपून काय कळणार, असं म्हणू नका. टाटा हॉस्पिटलने मुंबईत 1998 पासून सुमारे दीड लाख बायकांना घेऊन वीस वर्षं अभ्यास केला. तपासणी डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केली, दर दोन वर्षांनी. पन्नाशीपुढच्या बायकांत छातीच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही खरं. तरी देशभरात 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या किती? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 0.9 टक्के. म्हणजे हजारात नऊ.

गाठ लागली तर बेळगाव. आधी बिम्सच्या सरकारी दवाखान्यात विचारा. खासगीत मॅमोग्राफीला साधारण दीड ते तीन हजार, सोनोग्राफीला हजाराच्या आगेमागे. चाळिशीच्या आत बहुधा सोनोग्राफीच सांगतात. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर लावू नका, ती फोटोत ठिपक्यांसारखी दिसते. यंत्राची पट्टी काही सेकंद दाबते, तेवढं सोसावं लागतं.

कॅन्सरचं निदान झालंच, तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलला पॅकेजच्या 30 टक्केच. खासगीत जाण्याआधी सरकारी दवाखान्याची रेफरलची चिठ्ठी घ्या. ती राहिली की मागाहून धावपळ होते.

आता बुडणारा रोज. रोजगार हमीची कर्नाटकातली 2025-26 ची मजुरी 370 रुपये. बेळगावच्या दोन फेऱ्या म्हणजे 740 रुपयांचा फटका. हा हिशेब घरचे पुरुष करतात, आणि बाई त्यांच्या आधीच करून बसलेली असते.

मग बाई जाते कशाने? माझं मत विचाराल तर भिंतीवरच्या फलकाने नाही. आशाताई दारात येऊन 'परवा नर्स आहे, मी येते बरोबर' म्हणाली की जाते. तपासणारी बाईच आहे, पडदा आहे, हे आधी कळलं की जाते. जाऊबाई जाऊन आली आणि 'काही नव्हतं गं' म्हणाली, की घरातल्या उरलेल्या बायका आपणहून निघतात. तेव्हा एकटीने जाऊ नका. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटक परिवहनच्या साध्या बसमध्ये राज्यातल्या बायकांना तिकीट नाही. आधार कार्ड घ्या आणि जावेलाही घ्या. तिचंही तिकीट पडत नाही.