आधी नकाशा, मग दाराला नक्षी

भाचेबुवा, दोंडाईच्यात प्लॉट बघतोयस हे तुझ्या आईकडून कळलं. दलालाने चहा पाजला, चुन्याच्या रेघा दाखवल्या आणि तू मनात गच्चीसुद्धा बांधून टाकलीस. एवढं मी तुला ओळखतो. आपल्याकडे मिरचीचा व्यापारी पोत्यात हात घालून, देठ मोडून बघितल्याशिवाय भाव बोलत नाही. नगरपरिषदेचा कागदही तसाच उलटून बघायचा. जमतं ते सगळं, फक्त सवय लागली पाहिजे.

1. प्लॉट उन्हाळ्यात पसंत कर, पण बयाणा देण्याआधी एकदा भर पावसात तिथे उभा राहा – आपली अमरावती नदी आणि तिला मिळणारे नाले वर्षातले बरेच महिने कोरडे दिसतात, म्हणून त्यांच्या काठचा प्लॉट स्वस्तात मिळतो. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी मिळत नाही. पाण्याची जुनी वाट शेजारच्या म्हाताऱ्यांना विचार, त्यांना ती पाठ असते.

2. झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः काढून आण, दलालाच्या मोबाइलमधला फोटो चालणार नाही – आज जिथे ज्वारी उभी आहे, तिथून उद्या रस्ता जाणार की शाळा येणार, हे त्या कागदावर असतं. आधी नकाशा, मग दाराला नक्षी.

3. बिनशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउट दोन्ही बघ, आणि लेआउटमध्ये ओपन स्पेस कुठे आहे तिथे बोट ठेव – 4000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. राहायला गेल्यावर कॉलनीवाल्यांनी मिळून तिथे चार कडुनिंब लावा. राबता असलेल्या जागेवर सहसा कुणी हात टाकत नाही.

4. खरेदीखत झालं की पेढे वाट, पण त्याच महिन्यात सातबाऱ्यावर आणि नगरपरिषदेच्या कर खात्यात, दोन्हीकडे नाव लावून घे – एका कचेरीने दुसरीला कळवलं असेल या भरवशावर राहिलेल्यांची नातवंडं आज वारसाचे दाखले गोळा करत फिरतात.

5. अर्ज दोन प्रतींत दे आणि तुझ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस – शिक्का नाही तर अर्ज मुका. खिडकीवरच्या माणसाशी गोड बोल, त्याच्याकडे दिवसाला तुझ्यासारखे पन्नास येतात.

6. कर आकारणीची फेरपाहणी चार वर्षांनी होते. यादी लागली की आपल्या घराचं माप टेपने मोजून ताडून बघ – चूक असेल तर हरकत मुदतीत द्यायची असते. घरपट्टीच्या पावत्या मात्र एका फाइलमध्ये, आणि ती फाइल सूनबाईकडे. तुझ्याकडे नको.

7. आता सगळ्यात मोठी गोष्ट. शहराची विकास योजना साधारण 20 वर्षांसाठी होते, आणि प्रारूप योजनेची नोटीस राजपत्रात आली की हरकती-सूचनांना 30 दिवस मिळतात – तेवढ्या दिवसांत साध्या कागदावर, गट नंबर घालून लिहिलेली हरकत समितीपुढे सुनावणीला येते. नंतर मात्र मोर्चा काढूनही नकाशावरची रेघ सहजी हलत नाही. नुसतं स्वतःच्या प्लॉटपुरतं बघू नकोस. वरवाड्याकडच्या पोरांना खेळायला जागा राहिली का, बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टर कुठे उभे राहतील, स्मशानाकडे जायचा रस्ता पुरेसा रुंद आहे का, हेही लिही.

8. जमिनीवर आरक्षण पडलं म्हणून घाबरून मातीमोल विकू नकोस – योजना अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली गेली नाही, तर मालकाला खरेदी सूचना देता येते. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण सुटतं. नगररचना कायद्याचं 127 वं कलम आहे ते.

9. घरात पाळणा हलला की 21 दिवसांच्या आत नगरपरिषदेत जन्माची नोंद कर – तोवर फी नाही, हेलपाटे नाहीत. नावावरून आत्याचं भांडण चालू असेल तर चालू दे, नाव मागाहून घालता येतं.

10. तक्रार करण्याआधी रस्ता कुणाचा ते विचार – काही रस्ते नगरपरिषदेचे, काही सार्वजनिक बांधकामचे, स्टेशनची हद्द रेल्वेची. चुकीच्या दारावर केलेल्या तक्रारीत पावसाळा निघून जातो.

11. 2025 च्या निवडणुकीत आपली नगरपरिषद नगराध्यक्षांसकट बिनविरोध झाली. गावाने विश्वास टाकला, चांगलं आहे. पण सभागृहात समोरून विचारणारं कुणी नसलं की ते काम कॉलनीवर येतं – विचारणारा असला की करणाऱ्यालाही हुरूप येतो. ठरावाची प्रत माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मागता येते. फेब्रुवारीच्या सुमाराला पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प ठरतो, तेव्हा आपल्या गल्लीची गटार त्यात आहे का ते आधीच नगरसेवकाच्या घरी जाऊन विचार.

बयाण्याचं येत्या सोमवारी म्हणत होतास ना? तो पुढे ढकल. सोमवारी आधी नगरपरिषदेत जाऊन भाग नकाशाचा अर्ज दे, आणि आवक क्रमांक मला फोनवर सांग.