विनंती पुढे सोपवावी की नव्या पत्त्यावर धाडावी?

प्रश्न : जावातील माझ्या रेस्ट सेवेने काम आटोपल्यावर विनंती जेएसपी पृष्ठाकडे सोपवावी, अशी इच्छा आहे, परंतु पृष्ठाऐवजी ४०४ ही त्रुटी येते. असे का व्हावे?

उत्तर : आपली तजवीज मुळात योग्य आहे, दोष बहुधा मार्गांच्या वाटणीत असावा. जर्सी या रेस्ट-चौकटीचे सर्व्हलेट ‘/*’ या मार्गावर नेमलेले असेल, तर रिक्वेस्ट डिस्पॅचरने सर्व्हरच्या आतच पुढे रवाना केलेली विनंतीही, जेएसपीच्या हाती न पडता, पुन्हा त्याच सर्व्हलेटकडे दाखल होते, आणि त्या नावाचे संसाधन तेथे नसल्यामुळे ४०४ हेच उत्तर मिळते. यास्तव सेवेचे क्षेत्र ‘/एपीआय/*’ अशा स्वतंत्र उपमार्गापुरते मर्यादित करावे.

मात्र ज्या विनंतीने डेटाबेसातील नोंदी बदलल्या असतील, तिच्याबाबत ती आतल्या आत पुढे सोपवण्याचा मार्ग मला सर्वथा अप्रशस्त वाटतो. कारण ब्राउझरातील पत्ता जुनाच राहतो, आणि वापरकर्त्याने पृष्ठ ताजे करताच तीच नोंद दुसऱ्यांदा दाखल होण्याचा धोका उद्भवतो. तेथे ३०३ हा संकेतांक देऊन ब्राउझरलाच नव्या पत्त्यावर पाठवावे. विनंतीला जोडलेली माहिती त्या प्रवासात टिकत नाही, म्हणून जरूर तो ओळखक्रमांक पत्त्यातच घालावा.