सरकारी बियाणं उगवलं नाही तर भरपाई कोण देणार?



मागच्या मीटिंगमध्ये प्रश्न आला होता: बियाणं सरकारी कंपनीचं, तेही अनुदानावर घेतलेलं. फेल गेलं तर सरकारशी कोण भांडणार? याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने दिलेलं आहे.

राष्ट्रीय बीज निगम ही केंद्र सरकारची कंपनी. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी तिचं बियाणं पेरलं, पीक गेलं, ते ग्राहक मंचात गेले. निगम म्हणालं, हा विषय बियाणे कायदा 1966 चा, ग्राहक कायद्याचा नाही. शिवाय बियाण्याची लॅब तपासणी झालेली नाही. 16 जानेवारी 2012 ला कोर्टाने दोन्ही मुद्दे फेटाळले. बियाणे कायद्यात शिक्षा आहे, पण शेतकऱ्याला भरपाई द्यायची सोय नाही. आणि पुढे भांडण होईल म्हणून बियाणं राखून कोण पेरतं? (शब्द आमचे, मुद्दा कोर्टाचा.)

पण गैरसमज नको. एखादी योजना फसली म्हणून सरकार भरपाई देईल, असा याचा अर्थ नाही. दावा उभा राहतो तो पैसे मोजून घेतलेल्या मालावर. अनुदान असलं तरी आपला हिस्सा आपण भरलेला असतो, म्हणून पावती हवीच. पूर्ण मोफत मिनिकिट असेल तर ग्राहक म्हणून उभं राहणं अवघड जातं.

तेव्हा पेरणी झाली की पिशवी, टॅग, पावती फेकू नका. लॉट नंबरचा फोटो काढा. उगवण कमी दिसली की तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. समिती पाहणीला आली की पंचनाम्याची प्रत मागा. दुबार पेरणीची घाई असते हे कळतं, पण पंचनाम्याआधी शेत मोडलं की पुरावा गेला. निदान तारखेसह फोटो, व्हिडिओ तरी ठेवा.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार 2 वर्षांच्या आत करायची. खरेदी 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावायची सक्तीही नाही.

तक्रार अर्जाचा नमुना ऑफिसात ठेवलाय. येताना पावती आणि सातबारा आणा.