उपजीविकेची निवड आणि मनाची ओढ

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी या गावाचे नाव उच्चारताना त्यातील दुसऱ्या शब्दाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. रंगारी म्हणजे कापड रंगविणारा. गावाने आपल्या नावाशी एका हस्तव्यवसायाचे नाव जोडून घ्यावे, ही गोष्ट इस्लामी इतिहासाच्या वाचकाला परकी वाटणार नाही. अरबीत रंगाऱ्याला 'सब्बाग' म्हणतात. हिजरी पाचव्या शतकात बगदाद येथे इब्नुस्सब्बाग, म्हणजे 'रंगाऱ्याचा पुत्र', या नावाने ओळखले जाणारे थोर शाफई धर्मशास्त्रज्ञ होऊन गेले. ४५९ हिजरीत (इ. स. १०६७) निजामिया विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा तेथे पहिले अध्यापन त्यांनी केले. त्यांच्या आधी इमाम खस्साफ (रह.) जोडे शिवून निर्वाह करीत आणि वक्फच्या कायद्यावर ग्रंथ लिहीत. इमाम कफ्फाल (रह.) यांच्या नावात कुलूप आहे, कारण ज्ञानाकडे वळण्यापूर्वी ते कुलपे घडवीत असत. या थोरांना आपल्या धंद्याच्या नावाची लाज वाटली नाही. आज तीच नावे ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर आहेत.

मात्र त्या काळी रंगाऱ्याचा मुलगा बहुधा रंगारीच होई. आजच्या तरुणापुढे अनेक वाटा आहेत आणि म्हणून त्याच्यापुढे एक असा प्रश्न आहे, जो त्याच्या आजोबापुढे क्वचितच उभा राहिला असेल. कल्पना करा, देवगाव रंगारीच्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा बी.एस्सी., बी.एड. झाला आहे. त्याला गणित शिकविण्याची मनापासून आवड आहे. गल्लीतील मुले संध्याकाळी त्याच्या ओट्यावर वही घेऊन बसतात. जवळच्या विनाअनुदानित शाळेत त्याला जागा मिळते, पण पगार तुटपुंजा आहे. वाळूजच्या कारखान्यात त्याहून बरा पगार आहे. फायनान्सच्या वसुलीच्या नोकरीत तर पगारावर कमिशनही आहे. घरात बहिणीच्या लग्नाचा विषय निघालेला आहे. मित्र म्हणतात, "मनाला पटेल तेच कर." मामा म्हणतात, "चार पैसे जिकडे जास्त, तिकडे जा." मुलाने कोणाचे ऐकावे?

आपल्या दीनमध्ये या प्रश्नाचा विचार आवडीपासूनही सुरू होत नाही आणि पगारापासूनही नाही. तो हलालपासून सुरू होतो. वसुलीच्या नोकरीचा निर्णय येथेच लागतो. व्याजाविषयी कुरआनचा इशारा सूरह बकराच्या अखेरच्या भागात (२:२७५-२७९) इतका कठोर आहे की त्यावर वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही. व्याज घेणाऱ्याबरोबर ते देणाऱ्याचा, त्याचा हिशेब लिहिणाऱ्याचा आणि त्याला साक्षी राहणाऱ्यांचाही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धिक्कार केल्याचे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. कोणी म्हणेल, मी केवळ नोकर आहे. हिशेब लिहिणाराही नोकरच होता.

परंतु हलालचा प्रश्न नेहमी इतका सरळ नसतो. धंदा वैध असतो, त्यातील एखादे काम अवैध असते. याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. मौलाना सय्यद अबुल आला मौदूदी (रह.) यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०३ रोजी औरंगाबाद येथे झाला. त्यांचे वडील सय्यद अहमद हसन तेथे वकिली करीत. वकिली हा तेव्हाही प्रतिष्ठेचा आणि चांगल्या प्राप्तीचा व्यवसाय होता. पुढे धर्मनिष्ठेने त्यांच्या मनाचा ताबा घेतला आणि ज्या पक्षकाराची बाजू खरी व न्याय्य आहे अशी त्यांची खात्री होईल, तेवढेच खटले ते स्वीकारू लागले. वकिली करणाऱ्या वाचकांना या अटीचा अर्थ सांगावा लागणार नाही. प्राप्ती घटली. घरात पूर्वीचा सुकाळ राहिला नाही. १९२० मध्ये भोपाळ येथे त्यांचे निधन झाले. पुत्राला कोवळ्या वयातच स्वतःच्या पायावर उभे राहावे लागले आणि त्यासाठी त्यांनी लेखणी निवडली, जी त्यांची उपजत आवडही होती. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सय्यद अहमद हसन यांनी व्यवसायाच्या आत एक सीमारेषा आखली आणि तिची किंमत मोजली. आपल्यापैकी अनेकांना नोकरी बदलण्याची गरज नसते, अशी रेषा आखण्याची असते.

हलालचा निर्णय झाल्यानंतर आपल्या तरुणापुढे शाळा आणि कारखाना, अशा दोन वाटा उरतात. दोन्ही वैध आहेत. येथे "मनाला पटेल तेच कर" म्हणणाऱ्या मित्रांना थांबवावे लागेल, कारण आता अवलंबून असणाऱ्यांचा हक्क आड येतो. ज्यांचे पोषण आपल्यावर आहे त्यांना वाऱ्यावर सोडणे एवढे एकच पाप माणसाला पुरेसे आहे, अशा अर्थाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारपणात आपली सारी संपत्ती दान करू इच्छित होते. प्रेषितांनी (स.) त्यांना एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ दिले नाही आणि सांगितले की वारसांना लोकांपुढे हात पसरावयास लावण्यापेक्षा त्यांना संपन्न स्थितीत सोडून जाणे अधिक चांगले. दानासारखे सत्कर्मही कुटुंबाच्या हक्कापुढे थांबते, तर आवड का थांबू नये? ज्याच्या घरी म्हाताऱ्या आईच्या औषधाला पैसा नाही, त्याने "मला या कामात रस नाही" म्हणून हलाल रोजगार नाकारणे हा छंद होय. दीन त्याला संमती देत नाही.

आणि आता मामांनाही थांबवावे लागेल. कुटुंबाचा हक्क आहे तो पुरेशा उत्पन्नावर. अधिकाधिक उत्पन्नावर नव्हे. अरबीत यासाठी 'कफाफ' हा सुंदर शब्द आहे, म्हणजे गरज भागेल आणि कोणापुढे हात पसरावा लागणार नाही एवढे. ज्याने इस्लाम स्वीकारला, ज्याला कफाफ लाभला आणि अल्लाहने जे दिले त्यात ज्याला समाधान मिळाले तो यशस्वी झाला, असे प्रेषितांनी (स.) सांगितले (सहीह मुस्लिम). हजरत अबू बकर (रजि.) खलीफा झाले तेव्हा म्हणाले की माझा व्यापार माझ्या कुटुंबाला अपुरा पडत नव्हता हे माझ्या लोकांना ठाऊक आहे, आता मी मुस्लिमांच्या कामात गुंतलो आहे, तेव्हा माझे कुटुंब या कोषातून खाईल. ते व्यापारी होते. त्यांनी अधिक प्राप्तीचा मार्ग सोडला, पण कुटुंबाच्या जेवणाची व्यवस्था आधी केली.

मग पुरेसे म्हणजे किती? आपल्या घरांतील खरा वाद येथे आहे आणि आपण तो कधी मोकळेपणाने करीत नाही. धान्य, औषधे, धाकट्यांचे शिक्षण, छपराची दुरुस्ती या गरजा आहेत. परंतु 'गरजा' म्हणून जी यादी मुलापुढे ठेवली जाते, तीत मंगल कार्यालय असते, पाचशे माणसांची दावत असते, हुंड्याचा दुसऱ्या नावाने दिला जाणारा ऐवज असतो आणि शेजाऱ्याने घेतली म्हणून घ्यावयाची गाडी असते. निकाह सोपा करण्याची शिकवण ज्या समाजाला मिळाली, त्याच समाजातील एक तरुण आपली दहा वर्षे एका रात्रीच्या मंडपासाठी विकतो. वडीलधाऱ्यांनो, मुलाकडे आपण कफाफ मागत आहात की प्रतिष्ठा, याचे उत्तर द्यावे लागेल. पहिले मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. दुसऱ्यासाठी त्याचे मन मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कारण मनाचा कल ही क्षुल्लक वस्तू नाही. प्रत्येक जण आपापल्या घडणीनुसार कर्म करतो, असे सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:८४) म्हटले आहे. ज्याला ज्यासाठी निर्माण केले आहे ते त्याला सुकर केले जाते, ही हदीसही या संदर्भात पुष्कळदा सांगितली जाते. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर त्या हदीसचा मूळ विषय तकदीर आणि परलोक हा आहे, नोकरी नव्हे. तिचा आधार जपूनच घ्यावा. त्यापेक्षा प्रेषितांचे (स.) आचरण अधिक स्पष्ट बोलते. अजानचे शब्द स्वप्नात ऐकले होते हजरत अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांनी, पण अजान देण्याचे काम हजरत बिलाल (रजि.) यांना मिळाले, कारण त्यांचा आवाज अधिक चांगला होता. लिपी शिकण्याचे काम तरुण हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना दिले गेले आणि अल्पावधीत त्यांनी ते पूर्ण केले. हजरत अबू जर (रजि.) यांनी अधिकारपद मागितले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की तुम्ही या बाबतीत दुर्बल आहात आणि पद ही अमानत आहे. अबू जर (रजि.) यांच्या सचोटीबद्दल कोणाला शंका होती? तरीही ते काम त्यांचे नव्हते.

यात आणखी एक बाजू आहे, जी पगाराच्या चर्चेत निसटते. हजरत दाऊद (अ.) स्वतःच्या हाताने कमावलेले खात, असे सहीह बुखारीत आहे. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि चिलखत बनविताना कड्यांचे माप नीट राखण्याची आज्ञा दिली (३४:१०-११). एका प्रेषिताला, जो राजाही होता, कड्यांच्या मापाविषयी आज्ञा! कड्यांतील फट मोठी राहिली तर बाण आत शिरेल आणि ते चिलखत घालणारा जिवानिशी जाईल. काम चोख करणे हा मजुरीच्या कराराचा भाग आहे. ज्या कामाचा मनापासून तिटकारा आहे तेही चोख करणारे धीराचे लोक असतात. परंतु बहुसंख्य माणसे तिटकाऱ्याच्या कामात वेळ काढतात, आणि पूर्ण मजुरी घेऊन वेळ काढणे हा हलाल मिळकतीत मिसळलेला खडा आहे. मुलांना शिकविण्याचा कंटाळा असताना केवळ अनुदानित पगारासाठी शिक्षक झालेल्याने किती वह्यांतील कड्यांची मापे चुकविली, याचा हिशेब कोण ठेवतो?

मात्र आवडीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. इमाम गजाली (रह.) निजामियाच्या त्याच अध्यापनपीठावर बसत, जेथे एकेकाळी रंगाऱ्याचा पुत्र बसला होता. मान होता, वेतन होते, शेकडो विद्यार्थी होते आणि विषय आवडीचा होता. आपल्या अध्यापनाचा हेतू त्यांनी तपासून पाहिला तेव्हा त्यात त्यांना कीर्तीची हाव दिसली. ४८८ हिजरीत (इ. स. १०९५) त्यांनी बगदाद सोडले. जाताना मुलाबाळांच्या निर्वाहापुरते राखले आणि उरलेली संपत्ती वाटून टाकली. म्हणजे आवडते कामही नफ्सचे खाद्य होऊ शकते. आजचा तरुण मोबाइलवर एखाद्याचे यश पाहतो आणि त्याला आपली आवड समजतो. परीक्षा सोपी आहे: त्या कामातील कंटाळवाणा भाग आपल्याला सोसवतो काय? गणित आवडणे वेगळे, आणि तेच अपूर्णांक चाळीस मुलांना सातव्यांदा समजावून सांगणे वेगळे. ओट्यावर मुले जमविणाऱ्या आपल्या तरुणाने ही परीक्षा दिलेली आहे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आपण विसरतो. घर चालविण्याची जबाबदारी दीनने त्यांच्यावर टाकलेली नाही. म्हणून काम निवडताना त्यांना अधिक मोकळीक असावयास हवी. प्रत्यक्षात आपण ती कमी देतो. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) चामडे कमावीत, शिवीत आणि मिळेल ते दान करीत.

राहिला आपला तरुण. त्याने शाळा किंवा कारखाना यांपैकी एकच वाट आजन्म धरली पाहिजे, असे कोठे आहे? मदीनेच्या वरच्या भागात राहणारे हजरत उमर (रजि.) आणि त्यांचे एक अन्सारी शेजारी यांनी पाळ्या लावल्या होत्या. एके दिवशी एक जण प्रेषितांच्या (स.) सेवेत जाई आणि त्या दिवसाची वार्ता दुसऱ्याला आणून देई, दुसऱ्या दिवशी दुसरा जाई (सहीह बुखारी). ज्ञानही सुटले नाही आणि घरचे कामही. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी मात्र पोटाला चिमटा काढून सारा वेळ ज्ञानाला दिला, त्यांच्यावर तेव्हा संसाराचा भार नव्हता. दोन्ही मार्ग सहाबांचेच आहेत.

तेव्हा त्याने प्रथम वडिलांजवळ बसावे आणि वर्षाचा खर्च कागदावर मांडावा. लग्नाचा आकडा वेगळ्या ओळीत लिहावा आणि तो कोणाच्या समाधानासाठी आहे हे विचारावे. शाळेचा पगार आणि शेतीचे उत्पन्न मिळून खऱ्या गरजा भागत असतील, तर शाळा निवडण्यात संकोच करू नये. भागत नसतील तर मुदत ठरवून कारखान्यात जावे, तेथे पाळी प्रामाणिकपणे भरावी आणि सुटीच्या दिवशी ओट्यावरची वही बंद पडू देऊ नये. धाकटा भाऊ कमावता झाला की पाळ्या बदलता येतील. तसे त्याला आजच सांगून ठेवावे. सल्लामसलत झाल्यावर दोन रकअत नमाज अदा करून इस्तिखाराची दुआ करावी. स्वप्नाची वाट पाहत बसू नये. त्या दुआत स्वप्नाचा उल्लेख नाही. जे हितकर असेल ते सुकर व्हावे आणि मग त्यावर मन समाधानी व्हावे, एवढीच याचना आहे.