रवणीचे कानमंत्र

सुनबाई, कोंबडी खुडूक झाली की घरात सगळ्यांनाच घाई सुटते. फळीवरची अंडी गोळा केली, टोपलीत ठेवली, वर कोंबडी बसवली, झालं! तू तसं करू नकोस. रवणीचं, म्हणजे अंडी उबवायचं, निम्मं काम कोंबडी बसायच्या आधीच होतं. उरलेलं निम्मं आपण हात किती आवरतो त्यावर ठरतं.

आधी कोंबडी पारख. एक दिवस खुड-खुड केलं म्हणून लगेच तिच्याखाली अंडी घालायची नाहीत. रात्रंदिवस जागा सोडत नाही, हात नेला की पिसं फुलवून टोचायला येते, अशी हवी. दोन रात्री एखाद्या जुन्या अंड्यावर बसू दे. तिसऱ्या दिवशीही टिकली तर ती खरी. लेगहॉर्नसारख्या नुसत्या अंड्यांसाठी तयार केलेल्या जातींकडून ही आशा धरू नकोस. कडकनाथही फारशी रवणीला बसत नाही, म्हणून तिची अंडी गावठीखालीच घालतात.

अंडी निवडताना कोंबड्यापासून सुरुवात कर. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा हवा. नवा कोंबडा आणलास तर आठ-दहा दिवस थांब, मग अंडी साठव. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं नको. फार मोठं, वेडंवाकडं, तडकलेलं बाजूला काढ. धुवू तर अजिबात नकोस. अंड्यावरचं नैसर्गिक आवरण धुऊन गेलं की कवचाच्या छिद्रांतून घाण आत शिरते. कोरड्या फडक्यानं पुसलंस की पुरे. निमुळतं टोक खाली करून गार जागी धान्यात ठेव. फ्रिजमधली अंडी रवणीला घालू नयेत. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात गर्भ आपोआप थोडा वाढतो आणि मरतो, म्हणून तेव्हा तीन-चार दिवसांचीच अंडी घे. जमेल तर दिवाळीनंतरची थंडीच धर.

टोपली पसरट घे. तळाला राख, वर कोरडा पेंढा, थोडा कडुलिंबाचा पाला, मध्ये जरासा खोलगट. गोचीड-उवांनी बेजार झालेली कोंबडी अंडी सोडून उठते. जागा अंधारी, शांत आणि मुंग्या-मांजरापासून लांब असावी. गावठीच्या पोटाखाली दहा-बारा अंडी मावतात. जास्त घातलीस तर कडेची गार पडतात. सगळी एकाच दिवशी, तिन्हीसांजेला घाल आणि प्रत्येकावर कोळशाची खूण कर. दुसरी कोंबडी येऊन मध्येच अंडं घालते, ते खुणेवरून ओळखून काढता येतं.

दिवस मोजायला सोपे आहेत. एकवीस दिवस, म्हणजे तीन आठवड्यांनी त्याच वारी पिल्लं. कोंबडी दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते. तेवढ्यात दाणा, पाणी आणि धुळीत लोळणं उरकू दे. अंडी ती स्वतःच उलटते. सातव्या रात्री अंधारात मोबाईलची बॅटरी लावून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय. अगदी स्वच्छ दिसलं तर ते वांझोटं, काढून टाक. नासलेलं अंडं फुटलं तर बाकीच्यांनाही बाधतं.

पोरानं अंडी उबवायचं मशीन आणलं तरी नियम हेच. पंखा असलेल्या मशीनमध्ये साडेसदतीस अंश सेल्सिअस, आत पाण्याचं भांडं, दिवसातून किमान तीन-चार वेळा अंडी फिरवायची. अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद, ओलावा वाढवायचा, झाकण उघडायचं नाही. वीज गेली तर घाबरू नकोस. झाकण बंदच ठेव आणि वरून गोधडी घाल, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेव.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. विसाव्या दिवशी कवचाला चीर पडते आणि पिल्लू आतून चिवचिवतं. तेव्हा नखानं कवच सोलायचा मोह होतो. सोलू नकोस. चीर पडल्यावर बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात. तेवढ्यात शिरांतलं रक्त आणि बलक पोटात ओढला जात असतो. घाईनं काढलेलं पिल्लू रक्तस्रावानं जातं. त्याच बलकावर पिल्लू बाहेर आल्यावरही दोन दिवस तग धरतं, म्हणून सगळी निघेपर्यंत टोपली हलवू नकोस.

मग पहिलं पाणी, नंतर बारीक कणी. पाणी उथळ बशीत, त्यात खडे टाकून, नाहीतर पिल्लं बुडतात. पाच-सात दिवसांची झाली की जनावरांच्या दवाखान्यातून मानमोडीची लस, लासोटा, टोचून नाही, डोळ्यात थेंबानं घालून घे. घार आणि मुंगसापासून जपायला महिनाभर डालगं वापर.

शेवटचं सांगते. सगळी अंडी सांभाळून पिल्लं वाढवणारी कोंबडी बाजारात कितीही भाव आला तरी विकू नकोस. पुढच्या पिल्लांसाठी अंडीही तिचीच ठेव. चांगली रवण पुष्कळदा आईकडून लेकीत उतरते.