धून गेली कुठे?

प्रश्न : आमच्या गिरीजमध्ये लग्नात बँड वाजतोच, त्यामुळे ट्रम्पेट-सॅक्सोफोनचं अप्रूप नाही. पण मध्यंतरी मुंबईत जॅझचं त्रिकूट ऐकलं : पियानो, डबल बास आणि ड्रम. कुणासमोर कागद नव्हता. ओळखीची धून मिनिटभर वाजली, मग गायबच झाली आणि दहाएक मिनिटांनी तिघंही एकदम तिच्यावर परतले. मधल्या वेळात ते मनाला येईल ते वाजवत होते का? मग एकमेकांना चुकत कसे नाहीत?
– एक वाचक, गिरीज (वसई)

उत्तर : धून गेली होती, तिचा सांगाडा नव्हे. पुष्कळशा जॅझ धुना ३२ बारच्या असतात. प्रत्येक बारमध्ये चार ठोके आणि कोणत्या बारला कोणती कॉर्ड हे ठरलेलं. सूर सोडून दिले तरी हे चक्र तिघांच्या डोक्यात फिरत राहतं. मिनिटाला १६० ठोक्यांची लय धरली, तर एक फेरी ४८ सेकंदांत संपते. म्हणजे तुमच्या त्या दहा मिनिटांत साधारण बारा फेऱ्या झाल्या असतील. परत यायची वेळ झाली, की बरेचदा एकजण आपल्या डोक्यावर हात ठेवतो. धुनेला जॅझवाले ‘हेड’ म्हणतात, त्याची ही खूण. पुढच्या वेळी नीट पाहा.

ख्याल ऐकणाऱ्याला हे परकं वाटू नये. तिथेही गायक आवर्तनात मनसोक्त फिरून समेवर येतोच. फरक इतकाच, की रागाचे सूर शेवटपर्यंत तेच राहतात. जॅझमध्ये कॉर्ड बदलत असते, त्यामुळे आत्ता गोड लागलेला सूर चार ठोक्यांनी खटकू शकतो. ‘मनाला येईल ते’ वाजवायला इथे जागा तशी कमीच.

मग स्वातंत्र्य कुठे आहे? माझ्या मते ते माणसं कमी असण्यात आहे. सोळा जणांच्या बँडमध्ये एकाने ऐन वेळी कॉर्ड बदलली, तर उरलेले पंधरा तोंडघशी पडतील. म्हणून तिथे कागद लागतो. तिघांत हे खपतं, नव्हे, तीच तर मजा! घरी हार्मोनियम असेल तर करून पाहा. सा-ग-प एकत्र दाबा आणि खाली मंद्र सा धरा : प्रसन्न वाटेल. आता वरचे तिन्ही सूर तसेच ठेवून खालचा सा सोडा, मंद्र ध धरा. चित्रच पालटतं, त्याच तीन सुरांवर उदासी पसरते. बासवाला एका बोटाने हे करतो. पियानोवाल्याला ते त्याच क्षणी ऐकू यावं लागतं आणि पुढचा सूर त्यावर ठरतो. ड्रमवालाही केवळ ठेका धरून बसत नाही. मध्येच चार बार पियानोचे, चार बार त्याचे, अशी देवाणघेवाण चालते. चुका होतातच, फक्त चुकलेला सूर पुढच्या सुराने सावरून घेता येतो. कागदावर वाजवणाऱ्याला ती सोय नाही.

आपल्याकडे कागद आणि उत्स्फूर्तता एकाच माणसात नांदल्याची उदाहरणं कमी नाहीत. १९३५मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकी बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, त्यानंतर टेडी वेदरफोर्डसारखे पियानिस्ट इथे वाजवून गेले. ते जॅझ गोव्याच्या वादकांनी उचललं. चर्चच्या शाळांत स्वरलेखन वाचायला ही मंडळी लहानपणीच शिकलेली. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवायचा. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याला हाताशी घेतलं. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. अशा वादकांनी दिवसा स्टुडिओत लिहिलेले सूर वाजवायचे आणि रात्री हॉटेलात आपले. हिंदी सिनेसंगीताला या मंडळींनी जे दिलं, त्याच्या मानाने श्रेयनामावलीत त्यांची नावं फारच थोडी आली.

ऐकायला सुरुवात बिल इव्हान्सच्या त्रिकुटापासून करा. २५ जून १९६१ला न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लबमध्ये झालेलं त्यांचं ध्वनिमुद्रण सहज मिळतं. मागे ग्लासांची किणकिण आणि श्रोत्यांची कुजबुजसुद्धा ऐकू येते. पहिल्यांदा पियानो विसरून फक्त स्कॉट लाफारोच्या बासकडे कान द्या. बास इतका मोकळा त्याआधी क्वचितच कुणी वाजवला असेल. तो तेव्हा पंचविशीत होता आणि अवघ्या अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला. प्रत्यक्ष ऐकायचं तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये जॅझच्या मैफली होत असतात. चर्चगेटपासून ते जवळच आहे. फक्त परतीच्या शेवटच्या विरार लोकलची वेळ आधी पाहून ठेवा.