सुटे शब्द घोकू नकोस

अगं, दार एस सलामला जायचं ठरल्यापासून तू म्हणे मोबाइलवरून स्वाहिलीचे शब्द पाठ करतेयस. भाज्यांचे, भांड्यांचे, रंगांचे. मी तिथे राहून आलेय म्हणून हक्कानं सांगते, सुट्या शब्दांनी वाक्य जुळत नाही. स्वाहिली ही बांटू भाषा, आणि बांटू भाषांचा सगळा जीव शब्दाच्या सुरुवातीला असतो.

आपण लिंग-वचन शेवटी दाखवतो, तिकडे ते आधी लागतं. पुस्तक म्हणजे किताबू, पुस्तकं म्हणजे विताबू. आता मोठ्यानं म्हण: किताबू किकुब्वा किमेआंगुका, मोठं पुस्तक पडलं. विताबू विकुब्वा विमेआंगुका, मोठी पुस्तकं पडली. नामाला ‘कि’ असला की विशेषणाला ‘कि’, क्रियापदालाही ‘कि’. किताबू मूळचा अरबी, तरी त्याच्याही ‘कि’चा त्यांनी ‘वि’ केला! माणसांचा गट वेगळा: म्तोतो म्हणजे मूल, वातोतो म्हणजे मुलं. झाडांचा आणखी वेगळा: म्ती, मिती. म्हणून वहीत नाम एकटं लिहूच नकोस. एकवचन, अनेकवचन आणि शेजारी एक विशेषण, असंच लिही. घाबरण्यासारखं काही नाही, ‘मोठं पुस्तक पडलं’ म्हणताना तूही नामाप्रमाणे बाकीचे शब्द बदलतेसच की. शिवाय स्त्रीलिंग-पुल्लिंगाची कटकट नाही. तो आणि ती, दोघांनाही ‘येये’.

क्रियापद तर फारच सरळ. निनासोमा, मी वाचतेय. मधल्या ‘ना’च्या जागी ‘लि’ घाल, मी वाचलं. ‘ता’ घाल, मी वाचेन.

लिपी रोमन आहे, पण लिहितात तसंच वाचतात. स्वर पाचच, आ, ए, इ, ओ, उ, आणि शेवटचा स्वरही गिळायचा नाही. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे किताबूतल्या ‘ता’वर. म्तोतोतला ‘म्’ ओठ मिटून वेगळा म्हणायचा, त्याचं ‘मतोतो’ करू नकोस. च चहातला, चुलीतला नव्हे. ज जेवणातला, जाऊबाईंमधला नव्हे.

आणि उल्हासनगरच्या कॅम्प ५मध्ये राहतेस याचा फायदा घे गं! शेजारच्या सिंधी काकूंना मुलासाठीचा त्यांचा शब्द म्हणायला सांग, ‘ॿारु’. त्यातला ‘ब’ नीट ऐक. हवा बाहेर फेकण्याऐवजी किंचित आत ओढली जाते. देवनागरी सिंधीत अशा चार अक्षरांखाली रेघ असते. स्वाहिलीतला ‘ब’ही तसाच आत ओढलेला. तिकडेही वडिलांना बाबाच म्हणतात, फक्त तो ‘ब’ काकूंचा. मात्र ‘म्बिली’सारख्या शब्दात, ‘म्’च्या मागोमाग येणारा ‘ब’ आपला साधाच. पुस्तकातून हे कळायला किती दिवस गेले असते, तुला जिन्यातच शिकायला मिळतंय.

दारमध्ये ऐकशील ती भाषा पुस्तकातल्या भाषेच्या बरीच जवळची असेल. १९२८मध्ये मोंबासाच्या परिषदेत झांझिबार शहराची बोली प्रमाण धरली गेली, आणि झांझिबार दारसमोरच समुद्रात आहे.

एक मात्र आत्ताच मनात पक्कं कर. तिथले तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. दवाखान्यात कुणी ‘सा न्ने’ला बोलावलं, तर शब्दाचा अर्थ चार असला तरी तू सकाळी दहाला पोच. पहिले काही आठवडे सहा तासांचा फरक बोटांवर मोज, आणि वेळ दोनदा विचारून घे, कुणी रागावत नाही.